शाफ्टची मोटारसायकल आणि तिचे मागचे चाक
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



जबलपूरच्या माणसाला शाफ्टचे महत्त्व सांगणे म्हणजे भेडाघाटच्या माणसाला संगमरवर दाखवण्यासारखे आहे. गन कॅरेज फॅक्टरी या शहरात १९०४ पासून उभी आहे, व्हीकल फॅक्टरी १९६९ पासून. शक्तिमान ट्रक, निसानची एक टनी गाडी आणि जोंगा यांच्यावर येथील कित्येक मराठी घरे चालली. इंजिनाची शक्ती शाफ्टने मागे न्यायची आणि क्राउन-पिनियनच्या दात्यांनी काटकोनात वळवून चाकांना द्यायची, हे काम त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. आता त्याच घरांतील नातवंडे शाफ्टवर चालणाऱ्या मोठ्या मोटारसायकली घेऊ लागली आहेत. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आपल्या ‘आर ३२’ या पहिल्या मोटारसायकलीतच चेनऐवजी शाफ्ट वापरला. जोंगाच्या मागच्या होजिंगमध्ये जे घडते, तेच येथे एका छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात घडते. फरक आकाराचा आहे, आणि हा फरकच महत्त्वाचा आहे.

ट्रकच्या अ‍ॅक्सलमध्ये कित्येक लिटर तेल असते. मोटारसायकलच्या मागच्या डब्यात ते साधारण पाव लिटर, काही गाड्यांत त्याहूनही कमी. एवढे थोडे तेल लवकर तापते, लवकर मळते. शिवाय शाफ्ट गाऱ्हाणे करीत नाही. चेन सैल पडली की खडखडते, कोरडी पडली की कुरकुरते. मालकाला नाइलाजाने खाली वाकावे लागते. शाफ्टवाला मालक मात्र टाकीला तासभर पॉलिश करतो आणि मागचा बोल्ट वर्षानुवर्षे उघडत नाही. ‘याला काही करावे लागत नाही’ ही समजूत विक्रेत्याला सोयीची असेल, बेअरिंगला नाही.

तेल बदलण्याचा क्रम ठरलेला आहे. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे. प्रथम भरण्याचा बोल्ट सैल करावा, मगच निचऱ्याचा. वरचा अडकून बसला आणि खालून तेल वाहून गेले, तर गाडी जागेवरच उभी राहते. निचऱ्याच्या बोल्टाला बहुधा चुंबक असतो. त्यावर करडा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले, तर डबा उघडण्याची वेळ आली आहे. इंजिनचे तेल येथे चालत नाही. या दात्यांवर दाबासोबत घर्षणही मोठे असते, त्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइलच हवे. तेही मापानेच भरावे. जास्त भरल्यास ते सीलमधून बाहेर पडते आणि टायरवर किंवा ब्रेकच्या तबकडीवर पोहोचते.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. कान्हा किंवा अमरकंटकच्या वाटेवर रपट्यावरून पाणी वाहत असते. लांब पल्ल्याने तापलेला डबा त्या पाण्यात शिरला की आतील हवा एकदम आकसते आणि श्वासछिद्रातून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. शाळेच्या प्रयोगशाळेत तापवलेली बाटली पाण्यात उपडी धरून हेच दाखवतात. अशा प्रवासानंतर तेल दुधाळ दिसले, तर ठरलेल्या किलोमीटरांची वाट न पाहता ते बदलावे. शाफ्टवरील रबरी बूटही पाहावा; त्याला चीर गेली की पाणी आतील दातेरी जोडापर्यंत, म्हणजे स्प्लाइनपर्यंत जाते आणि तेथे गंज धरतो. चाक काढण्याच्या निमित्ताने स्प्लाइन पुसून त्यांना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावले, तर ते दाते अनेक वर्षे टिकतात.

मधल्या स्टँडवर गाडी उभी करून मागचे चाक वर आणि खाली धरून हलवावे. ते डुगडुगत असेल, तर मोठ्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पालकांनी ही एक तपासणी तरी मुलांकडून करून घ्यावी, कारण फुटलेले बेअरिंग वेगात असताना चाक जाम करू शकते, आणि मागच्या आसनावर बहुधा घरातलेच कोणी तरी बसलेले असते.

बेअरिंग बदलणे म्हणजे केवळ जुने ठोकून काढून नवे बसवणे नव्हे. शिमच्या पातळ चकत्यांनी ताण आणि दात्यांमधील मोकळीक पुन्हा बसवावी लागते. दात्यांना निळा रंग लावून, चाक फिरवून, ठसा दात्याच्या मध्यावर उमटतो की कडेला, हे पाहावे लागते. मापे घेण्याची साधने नसलेल्या दुकानात हे काम देऊ नये. मात्र तो निळा ठसा वाचता येणारी निवृत्त माणसे रांझी आणि घमापूरच्या बाजूला आजही भेटतील. शाफ्ट सोडवताना त्याच्या दोन्ही तुकड्यांवर ते आधी खडूने खूण करतात, कारण दोन सांध्यांचे क्रॉस एकमेकांशी जुळले नाहीत, तर नवी बेअरिंगे घालूनही गाडी थरथरतच राहते.