वाऱ्याचे नाव, पावसाचे माप



वाऱ्याचे नाव तो ज्या दिशेकडून येतो तिच्यावरून पडते. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, तिकडे जात नाहीत.

भूगोलात शिकलेले शब्द मात्र स्थळ पाहून वापरावे लागतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवेचा दाब उतरतो आणि समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते व मतलई वारे समुद्राकडे वाहतात. कोकणातील मुलांना हे अंगणात अनुभवता येते. बंगळूरचे हेब्बाळ समुद्रापासून दूर, सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. सह्याद्री ओलांडताना नैर्ऋत्य वारे बरेचसे रिते होतात. म्हणून कोकणातील आषाढझड तेथे लागत नाही. मे महिन्यात वळीव गडगडतो, सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि ऑक्टोबरातही जोर टिकतो. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबाने गणपती विसर्जनानंतर पाऊस सरला असे समजून गच्चीची पन्हळ साफ केली नाही, तर फसगत ठरलेली!

'हवा' म्हणजे ठरावीक वेळेची वातावरणाची स्थिती. 'हवामान' म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. सप्टेंबर पावसाचा, हे बंगळूरचे हवामान. 2022 च्या सप्टेंबरात तेथे एका दिवसात सुमारे 130 मिलिमीटर पाऊस कोसळला, ती त्या दिवसाची हवा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्या दिवशी शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तेरा हजार लिटर पाणी पडले. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून 'जोरदार' आणि 115.6 पासून 'अति जोरदार' पाऊस होतो. म्हणजे हे शब्द केवळ विशेषणे नव्हेत, मापे आहेत.

बंगळूरचे तलाव उताराने एकमेकांना जोडलेले होते. वरच्या तलावाचे जादा पाणी ओढ्याने खालच्या तलावात जाई. हेब्बाळचा तलावही त्याच रचनेतला. ओढे बुजले की तेच पाणी घरांत शिरते. अशा ठिकाणी 'अति जोरदार' हा शब्द ऐकणाऱ्याने वाहन उंचावर हलवावे, मुलांना सखल रस्त्याने पाठवू नये.

शाळेत पाठ केलेल्या व्याख्येची खरी परीक्षा अशाच दिवशी होते.