अनुदान कापसाला, पैसा कुणाला?



आज अमेरिकेतल्या कापसाबद्दल बोलायचं आहे. तिथे मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. गाळाची कसदार जमीन. जमीनमालक बहुतेक गोरे, कापूस वेचणारे बहुतेक काळे.

१९३३ साली मंदीत कापसाचा भाव पडलेला होता. सरकारने कायदा केला : कापूस कमी लावा, त्याचा मोबदला घ्या. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांवरचं उभं पीक नांगरून टाकलं गेलं. मोबदल्याचा चेक आला तो जमीनमालकाच्या नावाने. त्यातला वाटा वाटेकऱ्याला द्यायचा होता, पण अनेक मालकांनी तो दिला नाही किंवा जुन्या उधारीत वळता केला. पेरा कमी झाला म्हणून हातही कमी लागले, आणि हजारो वाटेकरी कुटुंबं शेतावरून हाकलली गेली. शेतकऱ्याला वाचवायला आलेल्या योजनेने कसणाऱ्यालाच उठवलं. १९३४ साली शेजारच्या आर्कान्सा राज्यात काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना उभी केली, ती यातूनच.

आता १९६०च्या दशकात या. सनफ्लॉवर काउंटीत सिनेटर जेम्स ईस्टलंड यांची ५ हजार एकरांहून मोठी शेती होती. ते वंशभेदाचे उघड समर्थक होते आणि सिनेटच्या कृषी समितीवरही होते. त्यांच्या शेतीला कापसाच्या सरकारी योजनांतून वर्षाला लाखाहून जास्त डॉलर मिळत. याच काउंटीत फॅनी लू हेमर लहानपणापासून कापूस वेचत होत्या. १९६२ साली त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर मालकाने त्यांना त्याच दिवशी मळ्यावरून काढलं. पुढे १९६९ साली त्यांनी ४० एकरांवर सहकारी शेती सुरू केली. आधी जमीन आपली हवी, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

ज्या काळ्या शेतकऱ्यांकडे जमीन होती, त्यांचं काय? कुणी किती एकर कापूस लावायचा, हे काउंटीची समिती ठरवायची. दक्षिणेत या समित्या गोऱ्यांच्या हातात होत्या. सरकारी कर्ज आणि मदतीतला भेदभाव १९६५ साली तिथल्या नागरी हक्क आयोगानेच नोंदवला. १९२० साली अमेरिकेत ९ लाखांहून जास्त काळे शेतकरी होते, १९९२ साली १९ हजारांहून कमी उरले. १९९९ साली पिगफर्ड खटल्यात तडजोड झाली आणि १५ हजारांहून जास्त जणांना मिळून सुमारे १०० कोटी डॉलर भरपाई मिळाली. तोवर बहुतेकांच्या जमिनी गेल्या होत्या.

हे आपल्याला परकं वाटतं का? महाराष्ट्रात सातबारा, उत्तर प्रदेशात खतौनी, कर्नाटकात पहाणी. कागदाचं नाव बदलतं, पैसा त्याच कागदामागे जातो. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला मिळतात. बटईने कसणारा आणि रोजाने जाणारी बाई त्यात नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत अनुसूचित जातींकडे कसणुकीखालच्या जमिनीपैकी जेमतेम ९ टक्के जमीन होती. म्हणून 'शेतकऱ्यांना मदत' ही बातमी आपल्या बहुतेक घरांपर्यंत पोचत नाही. दुसरी वाट आहे. ओडिशाने कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबांनाही धरलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९४७ साली बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात जमीन सरकारची करून जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, असं मांडलं होतं.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. शासन निर्णय वाचता येणारा माणूस अनेक वस्त्यांत तुम्हीच आहात. नवी योजना आली की तिच्यातली 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या आधी वाचा. लाभार्थ्यांची यादी काढा, ग्रामसभेत वाचून दाखवा. कुणाचं नाव नाही ते मोजा, आणि ते का नाही, हे लेखी विचारा.

जय भीम.