न देणाऱ्याच्या दारी



पंढरीहून परतणारी श्रीगजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावकडे निघते, तेव्हा हजारोंचा समुदाय तिच्यासोबत पायी चालतो. त्यांतील वारकऱ्याला ‘कोणाच्या ओढीने निघालास?’ असे विचारले तर उत्तर ओठांवर असते. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेल्या श्रावकाला मात्र क्षणभर थांबावे लागते.

जैन दर्शनाने जगाचा कर्ता मानलेला नाही. तीर्थंकर वीतराग, ते स्तुतीने प्रसन्न होत नाहीत, निंदेने कोपत नाहीत. णमोकार मंत्रात एकाही तीर्थंकराचे नाव नाही. मग जो काहीच देत नाही, त्याच्याकडे मनुष्य का धावतो?

पुष्कळदा तो मागण्यासाठीच धावतो, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या मातेला कर्मसिद्धांत ऐकवण्यात काय शहाणपण? तिचे हात जोडले जातात. त्यांना शास्त्राची अनुमती लागत नाही.

परंतु मागण्याहून मोठा मोह मालकीचा. शिरपूरची मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. तिच्या पूजाविधीचा व व्यवस्थेचा दिगंबर-श्वेतांबर वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेथे १९२९ मध्ये निकाल झाला, तरी वाद शमला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघाले. बेचाळीस वर्षे! ज्यांनी सर्वस्वाचा त्याग केला, त्यांच्याविषयीची भक्तीच कुलपाला कारण झाली. दोन्ही बाजूंची ओढ खरी होती, हेच यातील दुःख.

ही ओढ गौतम गणधरांनाही सुटली नव्हती. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार, ज्यांना त्यांनी दीक्षा दिली ते केवलज्ञानी झाले, स्वतः गौतम मात्र मागेच राहिले; भगवान महावीरांवरील स्नेहच आड येत होता. पावापुरीला निर्वाण झाले, तेव्हा ते जवळ नव्हते. वार्ता कळताच त्यांनी विलाप केला, प्रभूंना दोषही दिला. मग रडता रडताच उमगले की वीतरागाला आपले-परके नसते. पहाटे त्यांना केवलज्ञान झाले.

तो दिवस दिवाळी पाडव्याचा. त्या सणाला आजही कितीतरी जैन व्यापारी नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी मागतात.