आढ्यावरचा पाचोळा

(सेनगाव येथे देणगीदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तुमच्या अर्पणांतून आंध वस्तीवरच्या घरांना पत्रे चढले. गवती छपरातून धूर आपोआप झिरपून जाई. पत्र्यातून तो जात नाही. म्हणून आढ्यावर, दोन्ही उतार मिळतात तिथे, फट ठेवून वर टोपीसारखा पत्रा बसवला. फोटो काढले, अहवाल पाठवला. पुढे तीन वर्षे कोणी वर चढून पाहिले नाही. मीही नाही.

गेल्या पौषात एका मावशींकडे गेले. थंडीमुळे दार लावलेले, चुलीत पऱ्हाट्या, नातू खोकून बेजार. "ताई, फट हाय की, पण धूर जाईना," मावशी म्हणाल्या. शेजारच्या पोराने शिडी लावली. लिंबाचा पाचोळा, सोयाबीनचे भूस, चिमणीचे रिकामे घरटे, त्यावर काजळीचा थर. घमेलेभर निघाले!

धूर गरम म्हणून वर जातो. वाट बुजली की आढ्याखाली साठून तो चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांपर्यंत उतरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घरातल्या अशा धुराने 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उज्ज्वला योजना 2016 साली आली खरी, पण टाकी संपली की पुन्हा चूल पेटते. शिवाय वाळल्या पाचोळ्यावर ठिणगी पडली तर काय, ते सांगायला नको.

म्हणून वर्षातून दोनदा साफसफाई हवी: सोयाबीनची मळणी उरकल्यावर, आणि लिंबाची पानगळ संपल्यावर मृगाच्या आधी. चूल विझवून चढावे. पाय बोल्टच्या ओळीवरच द्यावा, खाली तिथे आधार असतो. सिमेंटच्या पत्र्यावर चढूच नये, तो फुटतो. बारीक डासजाळी लावू नये, ती काजळीने बुजते. अर्ध्या इंचाची जाळी पुरे.

पावसाळ्यात फटीत प्लास्टिक कोंबलेली घरेही पाहिली. त्यांना दोष कसा देऊ? टोपी आम्हीच आखूड बसवली होती.

कफर्णहूमला चौघांनी एका पक्षघाती माणसासाठी दुसऱ्याचे छप्पर उसकले. आपल्याला फक्त पाचोळा काढायचा आहे.

यंदा नव्या पत्र्यांसाठी पैसे मागत नाही. दोन शिड्या, टोप्या रुंद करण्यापुरता खर्च, आणि तरुण संघातली चार मुले दिवाळीआधीचे दोन शनिवार हवीत. नावे आज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या.