झाडावर चढणाऱ्याचे दोन शब्द

गेटजवळचा तुमचा गुलमोहर गेली १२ वर्षं मीच छाटतो. लोक म्हणतात, कोयत्याने झटकन उडवा. पण जड फांदी तशी पाडली की खोडाची साल सोलत येते. म्हणून आधी खालून करवतीचा अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून. शेवटी उरलेला खुंट, बुडाशी फुगीर कडा राखून. जखम मग झाडच भरून काढतं.

एक विनंती. बुंध्याभोवतीचं काँक्रीट यंदा फोडा. झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते. मुळं गुदमरवायला कुणी परवानगी मागत नाही. असं झाड पावसाळ्यात आडवं होऊ शकतं, अन् त्याच्याखाली तुमचीच मुलं खेळतात.