जुन्या जीपगाडीची घरगुती निगा

दूधसागर धबधब्याकडे जाणारे प्रवासी गोव्यातील कुळे गावी जीपगाडीत बसतात आणि भगवान महावीर अभयारण्यातील खडकाळ वाटेने, मध्ये लागणारे ओढे पाण्यातूनच ओलांडीत, धबधब्याच्या जवळ पोचतात. ओढ्याच्या मध्यभागी गाडी क्षणभर डगमगते आणि मग चारही चाके तळाची वाळू धरून तिला पलीकडच्या काठावर ओढून काढतात. प्रवाशांना मौज वाटते. परंतु गाडीच्या पोटाखालील लोखंडी पेट्यांत त्या वेळी काय घडत असते, याची कल्पना फारच थोड्यांना असते. श्रोतेहो, ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे त्यांनी घरच्या घरी तिची निगा कशी राखावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जीपचा जन्म युद्धकाळात झाला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने चारही चाकांना शक्ती पोचविणाऱ्या हलक्या गाडीची मागणी केली. बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना सिद्ध केला आणि पुढे विलिस व फोर्ड यांच्या कारखान्यांतून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईस विलिस जीपची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-३बी, तिच्यामागून आलेली प्यूजो धर्तीच्या डिझेल इंजिनाची एमएम-५४० आणि १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी या गाड्या शेतावर, खाणींवर, घाटांत व पोलीसखात्यात राबल्या. आज त्यांपैकी पुष्कळ गाड्या वयस्क झाल्या आहेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. तेव्हा जुन्या गाडीची प्रकृती ठीक राखणे हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे.

प्रथम या गाडीचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची आणखी एक पेटी असते. ती इंजिनाची शक्ती एका दांड्याने मागच्या आसाकडे आणि दुसऱ्या दांड्याने पुढच्या आसाकडे पाठविते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठे वर्तुळ घेतात, म्हणजे तेवढ्याच वेळात अधिक अंतर चालतात. डाव्या व उजव्या चाकांतील असा फरक डिफरन्शियल सांभाळते. पण पुढच्या आणि मागच्या आसांतील फरक सांभाळणारे साधन या जुन्या गाड्यांत नाही. चिखलात किंवा वाळूत चाक किंचित घसरते आणि तो फरक आपोआप जिरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकास घसरता येत नाही. मग सारा पीळ दांड्यांत आणि दात्यांत साठतो. दांडी अडकते, ती जोराने ओढली जाते आणि एखादा दाता किंवा जॉइंट तुटतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाकांची जोडणी करू नये. चुकून दांडी अडकलीच तर गाडी थोडे अंतर सरळ मागे घ्यावी, म्हणजे पीळ उतरतो. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत अशी काटकसर या गाडीत अंगाशी येते.

उलटपक्षी, ही जोडणी वर्षानुवर्षे न वापरणे हेही वाईटच. पुढच्या आसाचे दाते आणि बेअरिंगे फिरलीच नाहीत तर त्यांवर तेल चढत नाही आणि न बुडालेला भाग गंजतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर मैलभर तरी चारही चाकांवर गाडी चालवावी. पुढच्या हबांना कुलपे असतील तर तीही त्या वेळी लावावीत.

आता त्या ओढ्याकडे वळू. चढ चढून आलेल्या गाडीच्या आसाची पेटी तापलेली असते आणि आतील हवा प्रसरण पावलेली असते. पेटी एकाएकी थंड पाण्यात बुडाली की ती हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू पाहते. यासाठी पेटीवर एक लहानसा श्वासछिद्राचा नळ असतो. तो चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या ओठावरून पाणीच आत शिरते. तेल दुधाळ होते, त्याचा निसरडेपणा जातो आणि बेअरिंगे गंजतात. याच्या उलट, कोरड्या रस्त्यावर पेटी तापते तेव्हा बुजलेल्या नळामुळे आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. मागच्या आसाचे तेल असे पाझरत ब्रेकच्या ड्रममध्ये गेले की लायनर भिजतात, एका बाजूचा ब्रेक लागेनासा होतो आणि घाट उतरताना गाडी भलतीकडे खेचली जाते. एका क्षुल्लक नळाच्या स्वच्छतेवर माणसांचे प्राण असे अवलंबून असतात. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर हे नळ काढून, रॉकेलने धुऊन, फुंकून पाहावेत. आणि खोल पाण्यातून गाडी नेल्यास त्याच आठवड्यात तेल तपासावे.

तेल बदलण्याचे काम कोणाही दक्ष गृहस्थाला जमण्यासारखे आहे. गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट उतरते. सपाट जागी उभी करून प्रथम भरण्याचे वरचे बूच सैल होते की नाही हे पाहावे, आणि मगच खालचे बूच उघडावे. हा क्रम मोडल्याने कित्येकांची गाडी तेलावाचून अंगणात अडकून पडली आहे. कारण गंजलेले वरचे बूच निघतच नाही. उतरलेले तेल बोटांत चोळून पाहावे. बारीक करडा लगदा ही साधी झीज होय. धातूच्या कपच्या आढळल्या तर पेटी उघडण्याची वेळ आली असे समजावे. नवे तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत येईल इतकेच घालावे. आसाच्या दात्यांना लागणारे जहाल औषधयुक्त तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नये. अशी काही तेले आतील पितळी कडी खातात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच वापरावा. काढलेले तेल गटारात, शेतात किंवा विहिरीच्या आसपास न टाकता डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावे.

दोन्ही दांड्यांच्या टोकांना क्रॉस असतात. गिअर टाकताच खालून ‘टक्’ असा आवाज आला, किंवा क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस पूड दिसली, तर आत ग्रीस उरलेले नाही असे ओळखावे. ग्रीस गनने चारही टोप्यांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत भरावे. दांडा काढावा लागल्यास काढण्यापूर्वी जोडांवर खडूने किंवा रंगाने खुणा कराव्यात. त्याचे दोन भाग एका दात्याने जरी चुकून बसले तरी गाडी वेगात थरथरू लागते.

पुढचे चाक ढिले वाटत असेल तर ते उचलून वर आणि खाली धरून हलवावे. हलले, तर सोबत्यास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. तरीही हलत राहिले तर किंगपिनची झीज आहे. थांबले तर हबचे बेअरिंग सैल आहे. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलविल्यास स्टिअरिंगच्या सांध्यांची परीक्षा होते. दोष ओळखणे हे घरचे काम. किंगपिनच्या पत्र्या कमी-जास्त करून ताण बसविणे हे मात्र अनुभवी मिस्त्रीचे काम आहे.

येथे एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. विलिस पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, दांड्यावर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरू शकते, आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. मागचा दांडा सोडविला तर तो ब्रेक मुळीच उरत नाही. म्हणून जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये आणि भक्कम घोड्यांवर गाडी टेकविल्याखेरीज तिच्याखाली शिरू नये. विटा किंवा दगड रचून त्यांवर गाडी ठेवणे म्हणजे जीव गहाण टाकणे होय.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पायाखालची पट्टी एकदम तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील धूळ कधीही तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी. घाट उतरताना खालच्या गिअरवर भार टाकावा, म्हणजे ब्रेक थंड राहतात.

शेवटी एक वही ठेवावी. तीत तारीख, मीटरचा आकडा, कोणत्या पेटीत कोणते तेल व किती घातले, कोणता क्रॉस केव्हा बदलला, हे दोन ओळींत लिहीत जावे. गाडी विकली तरी वही तिच्याबरोबर द्यावी. या गाड्या ज्यांच्या हातांनी दुरुस्त झाल्या ते मिस्त्री आता वृद्ध होत आहेत आणि त्यांचे बहुतेक ज्ञान कागदावर उतरलेले नाही. एखाद्या रविवारी अशा मिस्त्रीजवळ बसून तो पाना कसा धरतो, कोणता आवाज ऐकून थांबतो, हे घरातील मुलामुलींनी पाहिले आणि वहीत टिपून ठेवले, तर गाडी दहा वर्षे अधिक चालेल. आणि तिच्यात बसणारी माणसे घाटावरून सुखरूप घरी येतील.