योजना फायलीतली, रेटा रस्त्यावरचा



रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. १९६५ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने तासगाव तालुक्यात या योजनेचा पहिला प्रयोग झाला. पण पागे काही सत्तेबाहेरचे गृहस्थ नव्हते. ते विधान परिषदेचे सभापती होते. मग त्यांची कल्पना राज्याचे धोरण बनण्यास इतकी वर्षे का लागावीत?

उत्तर १९७२च्या दुष्काळात आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. एरवी वाड्यावस्त्यांवर विखुरलेला, मालकाच्या शब्दाखाली वावरणारा शेतमजूर आणि त्याच्यासोबत कोरडवाहू शेतकरी एकाच बांधावर, एकाच हजेरीपटावर शेकड्यांनी एकत्र आला. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. खडी फोडता फोडता मजुरीचा हिशेब तोंडपाठ झाला. थकलेली मजुरी, मापातील लबाडी, अपुरे धान्य यांचा जाब विचारीत तहसील कचेऱ्यांवर मोर्चे धडकू लागले. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध उतरल्या होत्या.

दुष्काळी काम हे सरकारचे औदार्य; पाऊस पडला की ते आटोपते. मजुरांची मागणी निराळी होती : काम हक्काने हवे. १९७५ मध्ये योजनेच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. यात राज्यकर्त्यांचा स्वार्थ नव्हता असे नाही. रस्ते आणि पाझर तलावांचा लाभ जमीनवाल्यांना होत होता, आणि कराचा मोठा भार शहरांवर पडत होता. रेट्याला वाट मिळाली ती या फटीतूनच.

मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा, असे कायदा म्हणत होता. प्रत्यक्षात तो फारच थोड्यांच्या हाती पडला. युक्ती साधी होती. अर्ज घ्यायचा नाही. घेतलाच तर पोच द्यायची नाही. पोच नाही म्हणून तारीख नाही, आणि तारीख नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? कायदा झाल्यावरही मजूर संघटनांना कचेरीच्या दारात ठाण मांडावे लागले, ते या कागदाच्या कपट्यासाठीसुद्धा. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा अर्जाची तारखेसह पोच देण्याचे बंधन त्यात लिहावे लागले.